कोन दिलेला नाही

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ. अक्का जेवणाच्या टेबलाशी लसूण सोलत बसली होती. ती पुण्याला आली की तिला हातात काहीतरी लागतं, नुसतं बसणं तिला जमत नाही. शेंगांची चटणी तिच्याशिवाय आमच्या घरात कुणाला तशी कुटता येत नाही, हेही आहेच. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला लेक क्लासने दिलेलं प्रश्नांचं बाड घेऊन बसली होती. अकरावीला आहे, आणि हल्ली अकरावीला दिवाळी नसते. मी पेपर चाळत होतो. ती मधेच म्हणाली, "बाबा, एका बिंदूवर दोन फोर्स लागलेत. एक सहा न्यूटनचा, एक दहाचा. रिझल्टंट, म्हणजे दोघांचा मिळून एकच फोर्स, किती?"

"सोळा," मी म्हणालो. पेपरातून डोकंही वर काढलं नाही.

"कशावरून?"

"सहा नि दहा सोळा. त्यात कशावरून काय?"

ती हसली. तिने प्रश्न पुन्हा वाचून दाखवला. रिझल्टंट किती, असं विचारलेलंच नव्हतं. खाली चार पर्याय होते, ३, ४, ९ आणि १६, आणि त्यातला कोणता रिझल्टंट असणं शक्य नाही, एवढंच विचारलं होतं. "कोन दिलेलाच नाहीये ना," ती म्हणाली. "चारपासून सोळापर्यंत काहीही येऊ शकतं. तीन येऊ शकत नाही. संपलं." मला उगाच राग आला. आपल्या घरात, आपल्याच टेबलावर, सहा आणि दहाची बेरीज चुकल्याचा राग. मग बाजू सावरायला म्हणून मी म्हणालो, "अगं, हे आम्ही पुस्तकाशिवाय शिकलोय. मी आणि तुझी आत्या हापशावरून पाण्याची बादली आणायचो. दोघांनी दोन बाजूंनी कडी धरायची. अर्धी मी, अर्धी ती. झाली की नाही बेरीज?"

अक्काने लसणाची पाकळी वाटीत टाकली. मान वर न करता म्हणाली, "अर्धी व्हय?"

एवढंच. पुढची पाकळी घेतली.

माझी नोकरी बँकेत झाली, त्यातली पहिली बरीच वर्षं कॅश काउंटरवर. तिथे सहा आणि दहा सोळाच होतात. संध्याकाळी कॅश टॅली होत नसेल तर कुणी घरी जात नाही. पाच रुपयांच्या फरकासाठी रात्री नऊपर्यंत व्हाउचरं उलटीपालटी करत बसलेली माणसं मी पाहिली आहेत, मीही बसलो आहे. पैशाला दिशा असते, नावे आणि जमा, पण ती दोनच. उलटी किंवा सुलटी. एखादी रक्कम तिरकी पडली आहे, असं कुठल्याही लेजरला माहीत नाही. त्यामुळे दोन आकडे दिसले की बेरीज किंवा वजाबाकी, तिसरं काही सुचत नाही. लेकीच्या प्रश्नातलं १६ आणि ४ मला कळत होतं. दोन्ही जोर एकाच बाजूला लागले तर १६, समोरासमोर लागले तर ४. मधलं सगळं मला दिसलंच नव्हतं, आणि जग बहुतेक त्या मधल्यातच असतं.

गंमत अशी की याच प्रश्नाने मला आधीही एकदा पाडलं होतं. १९८८ साल. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आणि मग तालुक्याच्या कॉलेजात अकरावी सायन्स, एकदम इंग्रजीत. समांतरभुज चौकोन हा शब्द तोंडात बसलेला. त्याचा पॅरॅलेलोग्रॅम झाला तेव्हा त्यात एल किती आणि कुठे, हे पाठ करण्यातच पहिली सहामाही गेली. प्रयोगशाळेत भिंतीला टेकून एक लाकडी फळा उभा असायचा. वरच्या दोन कोपऱ्यांत दोन कप्प्या. त्यांच्यावरून दोरा, दोऱ्याच्या दोन टोकांना अडकवलेली वजनं, मधे गाठ मारून तिसरा दोरा आणि त्याला तिसरं वजन. याला ग्रेव्हसँडचं उपकरण म्हणायचे. हा ग्रेव्हसँड कुणी साहेब असावा एवढंच तेव्हा वाटलं होतं. तो अठराव्या शतकात लायडन विद्यापीठात शिकवणारा डच प्राध्यापक होता, आणि न्यूटनचं म्हणणं उपकरणं करून वर्गात दाखवून द्यायचा, हे फार नंतर कळलं. दोऱ्यांमागे कागद टाचायचा, दोऱ्याखाली आरशाची पट्टी धरायची, दोरा आणि त्याचं प्रतिबिंब एकावर एक आलं की तिथे पेन्सिलीने टिंब द्यायचं. एका डोळ्याने बघायचं. श्वास लागला तरी दोरा हलायचा. मग टिंबं जोडून, मापाने रेषा काढून, समांतरभुज चौकोन पुरा करायचा, आणि त्याचा कर्ण मोजला की तो तिसऱ्या वजनाइतका यायला हवा.

तो कधी आला नाही. कप्प्या गंजलेल्या होत्या, फिरताना चिमणीसारख्या ओरडायच्या. त्यामुळे आम्ही सगळे आधी उत्तर लिहायचो आणि मग त्याला शोभतील अशी टिंबं द्यायचो. जर्नलमध्ये चूक का आली, याचं कारण म्हणून घर्षण लिहायचं. घर्षण हा आमचा त्या वर्षीचा सगळ्यात उपयोगी शब्द होता. तोंडी परीक्षेला बाहेरचे सर आले होते. त्यांनी माझी वही मिटून बाजूला ठेवली आणि विचारलं, "तीन आणि चार न्यूटनची दोन बलं आहेत. परिणामी बल किती?" मी झटकन म्हणालो, "पाच." तीन-चार-पाच तर रक्तात भिनलेलं. सर म्हणाले, "पाच का?" मी गप्प. "सात का नाही? दोन का नाही?" मी अजून गप्प. "काटकोन कुणी दिला तुला?" असं म्हणून त्यांनी पुढच्याला बोलावलं.

म्हणजे सतराव्या वर्षी मी काटकोन गृहीत धरला, आणि पन्नाशी उलटल्यावर शून्य अंश. दोन्ही वेळा कुणी दिलेला नसताना.

लसूण संपल्यावर अक्का चटणी कुटायला आत गेली. लेकीने खराट्याच्या तीन काड्या आणल्या. एक दहा सेंटीमीटरची मोडली, एक सहाची, एक तीनची. "याचा त्रिकोण करून दाखव." मी प्रयत्न केला. सहा आणि तीन मिळून नऊच होतात. दहाच्या काडीची दोन टोकं त्यांना सापडत नाहीत, मधे बोटभर फट राहते. "म्हणून तीन शक्य नाही," ती म्हणाली. त्रिकोणाच्या कुठल्याही दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा मोठी असते, हे आम्ही सातवी-आठवीत घोकलं होतं. ते इथे लागू पडतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल आणि मी त्या वेळी घर्षण लिहीत असेन. मग तिने तीनची काडी टाकून दिली आणि सहा व दहाच्या काड्या एका टोकाशी चिमटीत धरून कात्रीसारख्या उघडत नेल्या. मिटलेल्या असताना सोळा. काटकोनात आल्या की ११.६६. १२० अंशांना ८.७२. पूर्ण उघडून विरुद्ध दिशांना गेल्या की चार. "आणि नऊ पाहिजे असेल तर सुमारे ११७ अंश," तिने कॅलक्युलेटरवर काढून सांगितलं. मला ते कात्रीचं उघडणं बघतच राहावंसं वाटलं. सहा तेच, दहा तेच. कुणी कमी जोर लावलेला नाही. तरी सोळाचे चार होतात.

आमचा हापसा गावाच्या वेशीपाशी होता. सांगोल्याकडचं गाव, पाऊस कमी, विहिरी मार्गशीर्षातच तळ दाखवायच्या. जगभर गेलेल्या इंडिया मार्क टू हातपंपाचं मूळ १९७०च्या दशकातल्या सोलापूरच्या पंपात आहे, हे हल्लीच वाचलं तेव्हा उगाच छाती फुगली. त्या दांड्याला लोंबकळून मी लहानाचा मोठा झालो म्हणायला हरकत नाही. पहाटे तो दांडा इतका गार असायचा की हात चिकटल्यासारखा वाटायचा. पहिले वीस-पंचवीस हेलकावे कोरडे, नुसता लोखंडाचा खडखडाट; मग खोलवरून गडगड आवाज चढत यायचा आणि पहिली धार तांबूस पडायची. ती सोडून द्यायची. पाण्याला लोखंडाची चव होती. आजही एखाद्या स्टेशनवरच्या नळाला तशी चव लागली की मला ती पहाट आठवते, आणि आपण तहानलेले आहोत की थकलेले, हे क्षणभर कळत नाही.

मी नऊ वर्षांचा, अक्का तेरा. घागर तिच्या कमरेवर, आणि शिवाय आमच्या दोघांत मिळून एक पत्र्याची मोठी बादली. भरली की पंधरा किलो तरी भरत असेल. पाणी हिंदकळू नये म्हणून अक्का वर कडुलिंबाची डहाळी टाकायची. कडी बारीक तारेची, बोटांत रुतायची, घरी पोचेपर्यंत चार बोटांवर चार लाल वळ. अक्का कडीला फडक्याची पट्टी गुंडाळायची, पण ती पट्टी घसरत घसरत नेहमी माझ्या बाजूला यायची. (ती घसरायची की सरकवली जायची, हा प्रश्न मला हे लिहिताना पहिल्यांदा पडतो आहे.) वाटेत पार, पाराच्या पुढे पिठाची गिरणी, गिरणीपुढे चढ. चढाच्या आधी एकदा बादली खाली ठेवायची, हात बदलायचे नाहीत, कारण अक्काच्या दुसऱ्या कमरेवर घागर. मी म्हणायचो, दमलो. ती म्हणायची, चिकटून चाल.

चिकटून चाललं की बादली नडगीवर आपटायची आणि चड्डी भिजायची. म्हणून मी लांब सरकायचो. भांडण झालं असेल तर मुद्दाम सरकायचो. ती वाटेच्या त्या कडेने, मी या कडेने, मधे बादली. तेव्हा ती बादली भलतीच जड व्हायची. वाटायचं, अक्का खोडी काढते आहे, खाली दाबते आहे. तिला वाटायचं मी दाबतोय. त्यावरून आणखी भांडण. दोघांपैकी कुणीच दाबत नव्हतं. दोन हात जितके फाकतात तितकी प्रत्येक हातातली ओढ वाढते, एवढंच. दोन्ही हात सरळ खाली असतील तर पंधरा किलोच्या बादलीचे प्रत्येकी साडेसात. दोन हातांत काटकोन झाला की प्रत्येकी साडेदहाच्या वर. १२० अंश झाले की प्रत्येकाच्या हातात पुरी पंधरा किलोची ओढ, जणू प्रत्येक जण एकटाच सगळी बादली नेतो आहे. एवढे लांब आम्ही कधी गेलो नसू, कडी तेवढी पुरायची नाही. पण दोघं मिळून तीस किलोचा जोर लावतात आणि उचलली जाते पंधराचीच, उरलेला सगळा जोर एकमेकांना आडवं ओढण्यात जातो, हे कुणी त्या गिरणीपाशी सांगितलं असतं तरी आम्ही ऐकलं नसतं.

इथे कुणाला संसाराची दोन चाकं वगैरे आठवतील. सकाळच्या शुभेच्छांबरोबर असलं रोज येतं. मला ते नको आहे. मी खरोखरच्या बादलीबद्दल बोलतो आहे.

एक शब्द मात्र सांगायलाच हवा. मराठी विश्वकोश उघडला तर फोर्सला तिथे बल नाही, प्रेरणा म्हटलं आहे. मेकॅनिक्सला यामिकी, स्टॅटिक्सला स्थितिकी, रिझल्टंटला परिणामी प्रेरणा. पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं होतं. आपण प्रेरणा म्हणतो ती वेगळी, भाषणात मिळते ती. पण शब्द म्हणून पाहिलं तर बलापेक्षा तो जास्त खरा आहे. बल असतं ते कुणाच्या तरी अंगात, पैलवानाच्या दंडात. प्रेरणा म्हणजे प्रेरणं, ढकलणं, कुठल्या तरी बाजूला. दिशा त्या शब्दाच्या पोटातच आहे. दिशेशिवाय प्रेरणा हे वाक्यच होत नाही. पाठ्यपुस्तकात बल आलं आणि दिशा वेगळी शिकवावी लागली, असं माझं आपलं एक बिनबुडाचं मत.

दोन ओढींची एक ओढ होते आणि ती समांतरभुज चौकोनाच्या कर्णाने दाखवता येते, हे न्यूटनने १६८७ साली प्रिन्सिपियात गतीच्या तीन नियमांच्या लगेच खाली, पहिलं उपप्रमेय म्हणून मांडून टाकलं. त्याच्या शंभर वर्षं आधी, १५८६ मध्ये, सायमन स्टेव्हिन नावाच्या फ्लेमिश माणसाने मण्यांची एक माळ त्रिकोणी ठोकळ्यावर टाकलेली कल्पून हाच विचार दुसऱ्या वाटेने केला होता. ठोकळ्याची एक बाजू लांब उताराची, दुसरी आखूड चढाची. लांब बाजूवर मणी जास्त, आखूड बाजूवर कमी. तरी माळ आपसूक फिरत सुटत नाही. फिरली असती तर ती कायमच फिरत राहिली असती, आणि तसं कधी होत नाही. म्हणजे तिरप्या बाजूवरचे जास्त मणी आणि उभ्या बाजूवरचे कमी मणी एकमेकांना तोलून धरतात. त्याने पुस्तकावर हे चित्र छापलं आणि वर लिहिलं, आश्चर्य, आणि तरी आश्चर्य नव्हे. मला हा माणूस आवडतो. वजन किती, याच्याइतकंच ते कुठल्या उतारावर आहे हेही विचारा, असं त्याने एका माळेत सांगितलं.

गेल्या वर्षी आम्ही मालवणला गेलो होतो. सकाळी किनाऱ्यावर रापण ओढणं चालू होतं. होडीने जाळं समुद्रात अर्धगोल टाकून ठेवलेलं, त्याची दोन टोकं दोन लांब दोरांनी किनाऱ्यावर, एकमेकांपासून पार दूर. दोन्हीकडे माणसांची रांग, कमरेत वाकलेली, टाचा वाळूत रोवलेल्या. आम्हीही पाच मिनिटं दोर धरला, म्हणजे धरल्याचं नाटक केलं. ओला दोर तळव्यात काथ्यासारखा टोचत होता. हळूहळू दोन्ही रांगा सरकत सरकत एकमेकींकडे येतात. सुरुवातीला दोरांमधला कोन मोठा, शेवटी दोन रांगा जवळजवळ शेजारी. तेव्हा मी फक्त मासळी बघत होतो, पापलेट आहे का, बांगडा किती. आता वाटतं, तिथे लेकीची कात्री वाळूवर चालत मिटत होती. आणि एक गोष्ट तिथे वेगळी होती. बादलीत आमचा जो आडवा जोर वाया जायचा, तो रापणीत वाया जात नाही. दोन बाजूंच्या त्या आडव्या ओढीनेच जाळ्याचं तोंड मिटत येतं, मासळी मधे कोंडली जाते. कर्णाने जे दाखवलं जात नाही तेही कुठेतरी काम करतच असतं. हे मी लेकीला सांगितलं तर ती म्हणाली, "परीक्षेत हे विचारत नाहीत." खरं आहे.

त्या रात्री अक्का झोपल्यावर आम्ही दोघांनी बाल्कनीत प्रयोग केला. घरात सामान तोलायचा हुकवाला काटा होता, मेहुणी अमेरिकेला जाताना विसरून गेलेली. दुसरा शेजाऱ्यांकडून आणला, रात्री दहा वाजता, काय कारण सांगावं ते कळेना. बादलीत पाणी घालून ती बरोबर दहा किलोची केली. दोन काट्यांचे हुक कडीत अडकवले, एक तिने धरला, एक मी. जवळ उभे राहिलो तेव्हा तिच्या काट्यावर पाच, माझ्या काट्यावर पाच. एक एक पाऊल मागे सरकत गेलो. साडेपाच. सहा. सात. आकडे चढताना बघणं आणि त्याच वेळी हातात ती वाढ जाणवणं, हे मला ग्रेव्हसँडच्या फळ्यावर कधी मिळालं नव्हतं. दोन्ही काट्यांत शंभर ग्रॅमचा फरक येत होता. "घर्षण," मी म्हणालो. "बाबा, इथे घर्षण कुठंय?" आठाच्या पुढे माझा हात थरथरायला लागला. बादली दहाचीच होती. वर कपड्यांच्या दोरीवर ओला टॉवेल होता आणि दोरीला मधे पोट आलं होतं; बायकोचा जुना आग्रह, ती दोरी एकदा सरळ ताणून द्या म्हणून. ती सरळ होऊच शकत नाही, हे त्या रात्री मी छातीठोकपणे सांगू शकलो असतो. दोन किलोचा ओला टॉवेल दोन्ही बाजूंना पाच-पाच अंशच झुकलेल्या दोरीवर टाकला तर दोरीत साडेअकरा किलोची ओढ येते. अगदी आडव्या दोरीत ओढ कितीही वाढवा, तिला वर उचलणारा भागच उरत नाही. भिंतीतला हुक दोनदा उखडून आला होता त्याचं कारण हे.

मग लेक म्हणाली, "पण आत्या उंच होती ना तुझ्याहून तेव्हा?"

"होती की. चार बोटं नाही, चांगली वीतभर."

"मग अर्धी कशी?"

तिने जमिनीवर खडूने काढलं. मधे बादली, एका बाजूला उंच आकृती, दुसऱ्या बाजूला ठेंगणी. उंच माणसाचा हात जास्त उभा, ठेंगण्याचा जास्त तिरपा. आडवी ओढ दोघांची सारखीच असणार, नाहीतर बादली एका बाजूला सरकत जाईल. आडवी ओढ सारखी ठेवायची तर ज्याचा हात उभा आहे त्याला एकूण ओढ जास्त लावावी लागते, आणि ती जवळजवळ सगळी वरच्या दिशेला जाते. "आत्याचा हात उभ्या रेषेशी वीस अंश धरू, तुझा चाळीस," ती म्हणाली. कोन तिने अंदाजाने घेतले, मला विचारून. मी मिटल्या डोळ्यांनी ती वाट आठवून सांगत होतो. पंधरा किलोच्या बादलीतले साडेदहा किलो अक्काने उचलले. साडेचार मी.

अर्थात हे कोन खरे होते कशावरून? पंचवीस आणि तीस असतील. रोज वेगळे असतील, चढावर वेगळे, भांडणात वेगळे. चाळीस वर्षांपूर्वीचा कोन आता कुणीच मोजू शकत नाही. माझी बाजू त्यातल्या त्यात मांडायची तर एवढीच, की साडेचार हा आकडा सिद्ध झालेला नाही. पण अर्धी, म्हणजे साडेसात, यायला दोघांचे हात सारखे तिरपे हवेत, आणि तिने खांदा उतरवून, वाकून, माझ्या उंचीवर येऊन चालल्याशिवाय ते झालं नसतं. आणि घागर घेतलेलं माणूस वाकत नाही. म्हणजे अर्धी हे उत्तर त्या चार पर्यायांतलं तीन होतं. खडूची आकृती मी पायाने पुसली. लेक म्हणाली, अरे, फोटो काढायचा होता.

अक्काचा उजवा खांदा गेल्या वर्षापासून धरला आहे. वेणी घालता येत नाही, वरच्या फळीवरचा डबा काढता येत नाही. डॉक्टर म्हणाले, शुगर आहे, या वयात होतंच. त्याचा बादलीशी काही संबंध नाही, हे मलाही कळतं. चाळीस वर्षांत तिने त्या खांद्यावर बादलीपेक्षा पुष्कळ काय काय वाहिलं. पण ती वाटेच्या डाव्या कडेने चालायची आणि कडी उजव्या हातात धरायची, हे मात्र त्या रात्री झोप लागेपर्यंत डोक्यातून गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी तिला स्वारगेटला सोडायला गेलो. मंगळवेढ्याहून ज्वारीचं पीठ आणि हुलगे घेऊन आलेली पिशवी आता फराळाचे डबे, लेकीचे जुने ड्रेस, माझ्या बायकोने दिलेली साडी आणि कसल्या कसल्या पुड्या घेऊन परत निघाली होती. दोन बंदांची, कापडी, तळाला दुहेरी शिवण घातलेली पिशवी. रिक्षा बाहेरच थांबली. मी पिशवी उचलायला वाकलो तर ती म्हणाली, "एकटा कशाला, दे एक बंद." मी म्हणालो राहू दे, तुझा खांदा. ती म्हणाली, "दुसरा हाय की." आणि वळसा घालून माझ्या उजवीकडे आली, डाव्या हातात एक बंद धरला.

आता उंच मी आहे. ती गेल्या काही वर्षांत थोडी वाकली आहे. हिशेब मी केला नाही, पण हात माझाच उभा होता. स्टँडवर दिवाळीची परतीची गर्दी, फलाटावर पाण्याची डबकी, कुणाच्या तरी बोचक्यातून कोंबडीचा आवाज. समोरून माणसं येत होती म्हणून मी जरा बाजूला सरकलो. तिला विचारायचं होतं, त्या फडक्याच्या पट्टीचं काय होतं, ती आपोआप घसरायची का. तेवढ्यात ती म्हणाली, "लांब कुठं चाललास? चिकटून चाल."

चिकटून चाललो. पिशवीतला चकलीचा डबा दर पावलाला नडगीवर आपटत होता.